औषधाची कावीळ आणि ऊतीची साक्ष

खानदेशात कावीळ ही पाण्याची मानली जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस नद्या आटतात, विहिरींचा तळ दिसू लागतो, पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी येते आणि जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या वस्तीत चार घरी डोळे पिवळे झालेली माणसे आढळतात. मग कोणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कोणी नाकात कडू थेंब सोडून घेतो, कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवतो’, आणि उसाच्या रसावर व फुटाण्यांवर पथ्य सांभाळले जाते. पाण्यातून पसरणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंची कावीळ बहुधा आपोआप बरी होत असल्याने यश माळेच्या पदरात पडते. यात नवे काही नाही आणि पाण्यावरचा संशयही गैर नाही. परंतु या संशयाची सवय इतकी जडली आहे की पिवळ्या डोळ्यांच्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा, याचे भान घरच्यांना राहत नाही, आणि पुष्कळदा ते दवाखान्यातही राहत नाही. तो प्रश्न असा : गेल्या तीन-चार महिन्यांत या माणसाच्या पोटात कोणकोणती औषधे गेली?

तोंडावाटे घेतलेले जवळजवळ प्रत्येक औषध आतड्यातून निघून प्रथम यकृतात येते. तेथे त्याचे रूपांतर होते आणि पुष्कळदा या रूपांतराच्या मधल्या टप्प्यावर मूळ औषधाहून तिखट असा पदार्थ तयार होतो. यकृत तो निकामी करते; पण कधी मात्रा जास्त होते, कधी माणसाच्या शरीराची घडणच वेगळी असते, आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिला प्रकार हिशेबात बसणारा आहे. तापावरची पॅरासिटामॉल ही गोळी मर्यादेत निर्धोक आहे; मर्यादेपलीकडे गेली की ती कोणाच्याही यकृताला इजा करील. म्हणूनच केंद्र सरकारने २०११ साली अन्य औषधांबरोबर मिसळून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत पॅरासिटामॉलचे प्रमाण ३२५ मिलिग्रॅमवर आणण्याचा आणि वेष्टनावर यकृताच्या इजेचा इशारा छापण्याचा आदेश काढला. सर्दीची एक, अंगदुखीची दुसरी आणि तापाची तिसरी अशा तीन नावांच्या तीन गोळ्यांत तेच औषध असू शकते, हे मात्र त्या आदेशाने रोग्याला कळत नाही.

खरी अडचण दुसऱ्या प्रकाराची आहे. योग्य मात्रेत, योग्य कारणासाठी, योग्य वैद्याने दिलेले औषध हजार जणांना मानवते आणि एखाद्याच्या यकृतावर उलटते. कोणावर उलटेल हे आधी सांगता येत नाही. या प्रकाराचे हिंदुस्थानातील सर्वांत मोठे कारण क्षयरोगावरची औषधे हेच आहे. देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून २०१३ ते २०१८ या काळात औषधजन्य यकृतविकाराच्या १,२८८ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी सुमारे ४६ टक्के रुग्णांच्या बाबतीत क्षयाची औषधे कारणीभूत ठरली, आणि सुमारे १४ टक्के रुग्णांच्या बाबतीत जडीबुटी व अन्य पर्यायी औषधे. यांतील १२ टक्क्यांहून थोडे अधिक रुग्ण दगावले. हे आकडे मोठ्या रुग्णालयांपर्यंत पोचलेल्यांचे आहेत. शिरपूरच्या पलीकडच्या पावरा पाड्यावर किंवा यावल-रावेरच्या तडवी वस्तीत जो कावीळ झाली म्हणून अंथरुणाला खिळला आणि तेथेच संपला, तो कोणत्याच वहीत नाही.

क्षयाच्या प्रचलित उपचारात चार औषधे असतात. आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला बाधू शकतात; चौथे इथॅम्ब्युटॉल या बाबतीत जवळजवळ निर्दोष आहे. आयसोनायझिडचा हा गुण जगाला कळला तो अमेरिकेच्या राजधानीत. १९७० साली वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल परिसरात क्षयाचा संसर्ग आढळल्यामुळे २,३२१ सरकारी कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हे औषध देण्यात आले. त्यांपैकी १९ जणांना यकृतविकार झाला आणि दोघे मरण पावले. ते लोक आजारी नव्हते, म्हणूनच दोष औषधावर चटकन आला. आजारी, अशक्त, दारूची सवय असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र दोष वाटून टाकायला चार कारणे नेहमीच हाताशी असतात.

येथे एका लहान गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्यामुळे पुष्कळ दिवस वाया जातात. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-तांबडी होते. तो औषधाचा रंग आहे, अपाय नव्हे. म्हणून आरोग्यसेवक पहिल्याच दिवशी ‘लघवी लाल होईल, घाबरू नका’ असे सांगतो, आणि ते बरोबरच सांगतो. पण काविळीतही लघवी गडद होते. म्हणजे ज्या खुणेवरून घरच्या माणसांना एरवी कावीळ ओळखता आली असती, तीच खूण या रुग्णाच्या बाबतीत आधीच निरुपयोगी झालेली असते. मग उरतात त्या दुसऱ्या खुणा : भूक अजिबात मरणे, मळमळ, उलट्या, बरगडीखाली उजवीकडे दुखणे आणि शेवटी डोळ्यांचा पिवळेपणा. हा त्रास बहुधा पहिल्या दोन महिन्यांत उद्भवतो. ‘घाबरू नका’ या वाक्यापुढे ‘पण भूक गेली, उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी या’ हे दुसरे वाक्य जोडले गेले तर कित्येक यकृते वाचतील.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. असे लिहिल्याने लोक क्षयाची औषधे सोडतील, असे अनेक डॉक्टर म्हणतात. क्षयाचा उपचार अर्धवट सोडणे हे यकृताच्या इजेपेक्षा किती तरी अधिक घातक आहे. शिवाय सोडणाऱ्याचा रोग औषधांना न जुमानणारा होऊन घरातल्या दुसऱ्याला लागतो, तो अनर्थ वेगळाच. धुळ्याच्या यंत्रमागांच्या दाटीत काम करणाऱ्या मजुराचा खोकला पाहिला म्हणजे ही भीती किती रास्त आहे हे उमगते. परंतु आक्षेपातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. ज्याला काहीच सांगितलेले नसते, तो उलट्या सुरू झाल्यावर औषध आपल्या मनाने बंद करतो आणि पुन्हा केंद्राकडे फिरकत नाही. किंवा त्याहून वाईट, सोसत सोसत ते घेतच राहतो. सांगितलेला माणूस रक्त तपासायला येतो. रक्तातील एसजीपीटी हे मान लक्षणे असताना नेहमीच्या तिप्पट किंवा लक्षणे नसताना पाचपट झाले, तर डॉक्टर औषधे थांबवतात, यकृत सावरण्याची वाट पाहतात आणि मग एकेक औषध पुन्हा सुरू करून कोणते बाधते ते शोधतात. बहुतेकांचा उपचार असाच पुरा होतो. यात एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. नेहमीच्या गोळीत चारही औषधे एकत्र असतात. एकेक सुरू करायचे तर ती सुटी लागतात. तालुक्याच्या ठिकाणी ती वेळेवर मिळाली नाहीत, तर उत्तम नियमही कागदावरच राहतो.

हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञाने आपल्या दीर्घ अनुभवातून एक निरीक्षण मांडून ठेवले आहे. औषधाने यकृतपेशींना इजा होऊन कावीळ दिसू लागली की अशा दहा रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो. म्हणजे डोळे पिवळे होणे ही सुरुवात नव्हे. बराच वेळ निघून गेल्याची ती खूण आहे.

आता दुसऱ्या गटाकडे, जडीबुटीकडे, वळायचे तर दूर जाण्याचे कारण नाही. २०२०च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातील करोनाच्या मृत्यूंचे प्रमाण साऱ्या राज्याच्या चिंतेचा विषय झाले होते. औषध नव्हते, लस नव्हती. अशा वेळी घरोघर काढे उकळू लागले आणि त्यांत गुळवेलीला मान मिळाला. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, हे खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. बांधावरून कापून आणली की झाले. कित्येकांनी ती महिनोन्‌महिने घेतली. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञ डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर असे सहा रुग्ण आले की ज्यांच्या यकृताला तीव्र इजा झाली होती आणि ज्यांच्या माहितीत गुळवेलीचे सेवन हा समान धागा होता. त्यांनी २०२१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. यकृताची ऊती तपासता तिच्यात जे चित्र दिसले, ते शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या रोगाशी जुळणारे होते. रोगप्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घेतलेल्या वनस्पतीने तीच शक्ती घरावर घातली, असा त्याचा अर्थ लावता येतो. यांपैकी बहुतेकांच्या यकृतात त्या रोगाचे बीज आधीपासून मूकपणे असावे, असेही या वैद्यांनी नमूद केले. पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्येच पहिल्या निष्कर्षावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे सिद्ध केलेले नाही, तिच्यासारखी दिसणारी तिच्याच कुळातली दुसरी वेल असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. हा मुद्दा शास्त्रीय आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. परंतु त्याचे टोक कोणाकडे वळते याचाही विचार व्हावा. जाणत्या मंडळींनाही दोन वेली ओळखण्यात गफलत होत असेल, तर आठवडी बाजारातल्या पुडीतील भुकटीत काय आहे याची ग्वाही कोण देणार? आणि आयुर्वेदाने तरी व्यक्ती, प्रकृती, काळ आणि मात्रा न पाहता एकच द्रव्य सहा सहा महिने घ्यावे असे कोठे सांगितले आहे? ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य वैद्याचे नाही, बाजाराचे आहे.

मुंबईच्या प्रकरणात निर्णायक वजन पडले ते ऊतीच्या साक्षीमुळे. ही साक्ष घेतात कशी हे समजून घेण्यासारखे आहे. यकृताचा तुकडा सुईने बाहेरून काढण्याचे श्रेय पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला देतात, साल १८८३. पण ही तपासणी खऱ्या अर्थाने सर्वत्र रूढ झाली ती इटलीच्या जॉर्जो मेंघिनी यांनी १९५८ साली सुईची अशी रीत प्रसिद्ध केल्यावर की जिच्यात सुई यकृतात अवघा एक सेकंद राहते. रक्त गोठण्याची क्षमता आधी तपासतात, बरगड्यांमधली जागा बधिर करतात, रुग्णाला श्वास रोखायला सांगतात आणि दोरीच्या तुकड्यासारखा, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा नमुना हाती येतो. साऱ्या यकृताचा तो सुमारे पन्नास हजारावा भाग. नंतर रुग्णाला काही तास उजव्या कुशीवर झोपवून ठेवतात, कारण क्वचित रक्तस्राव होतो. नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, त्याचे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप काढायचे आणि ते रंगवायचे : पेशींची केंद्रके निळी, बाकी सारे गुलाबी. तंतू किती वाढले, पेशींची चौकट कोसळली काय, हे पाहण्यासाठी वेगळे रंग.

सूक्ष्मदर्शकाखाली मग यकृताचा भूगोल उलगडतो. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत रक्त बाहेर नेणाऱ्या लहान शिरांभोवतीच्या पेशी मेलेल्या दिसतात, आणि वेशीवरच्या, रक्त आत येते तेथल्या पेशी पुष्कळ अंशी शाबूत असतात. काही औषधांत पित्त साचून पेशींत हिरवट-तपकिरी ठिपके दिसतात. इओसिनोफिल या तांबूस कणांच्या पेशी पुष्कळ आढळल्या तर औषधाचा संशय बळावतो, आणि त्या असताना रुग्ण बरा होण्याची आशाही अधिक असते. पेशींचे सलग पट्टेच्या पट्टे मेलेले दिसले तर चिंता. तंतूंचे जाळे दाट असेल तर इजा आजची नाही, जुनी आहे. प्लाझ्मा पेशींचे थवे स्वयंप्रतिकार रोगाकडे बोट दाखवतात.

तथापि ऊती गुन्हेगाराचे नाव सांगत नाही, ती वाराची जात सांगते. अमुक गोळीचा शिक्का काचपट्टीवर उमटलेला नसतो. विषाणूची इजा आणि औषधाची इजा काही वेळा इतकी सारखी दिसते की अनुभवी नजरही थबकते. अमेरिकेत औषधजन्य म्हणून नोंदलेल्या ३१८ रुग्णांचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा ९ जणांत ‘ई’ विषाणूच्या ताज्या संसर्गाची खूण सापडली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. ज्या देशात हा विषाणू विरळ, तेथे ही गत. जेथे तो पाण्यातून वर्षानुवर्षे फिरतो, त्या आपल्या मुलखात आधी विषाणूंच्या तपासण्या आणि मगच औषधावर ठपका, हा क्रम सोडून चालणार नाही. प्रत्येक काविळीत सुई घालावी असेही कोणी म्हणत नाही. औषध थांबवताच रक्ताची माने उतरू लागली तर तोच पुरावा पुरेसा असतो.

तुकडा काढणे अटळ होते ते दोन शक्यतांचे उपचार परस्परविरुद्ध असतील तेव्हा. क्षयाचा रुग्ण उपचार चालू असताना यकृताच्या तक्रारी घेऊन आला. औषधाची इजा असेल तर औषध तात्काळ थांबवायचे. पण क्षय यकृतातही पसरू शकतो. तसे असेल तर तेच औषध नेटाने चालू ठेवायचे. ऊतीत क्षयाची विशिष्ट गाठ आणि तिच्या मधोमध पनीरासारखा मृत भाग दिसला, तर प्रश्न बराचसा मिटतो. गुळवेलीच्या रुग्णाचेही तसेच. नुसती वेल बंद करून भागेल, की प्रतिकारयंत्रणा दाबणारी स्टेरॉइड द्यावी लागतील? आणि ती द्यायची तर जंतुसंसर्गाचा धोका पत्करून. अंदाजाने घेतलेला निर्णय येथे जिवावर बेतू शकतो.

धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तीन दशकांहून अधिक काळ उभे आहे. जळगावला ते २०१८ साली सुरू झाले. दोन्ही ठिकाणी विकृतिशास्त्र हा विषय शिकवला जातो. म्हणजे नजर आहे, सूक्ष्मदर्शक आहे, शिकणारी मुले आहेत. तथापि विकृतिशास्त्रज्ञापुढे नमुन्याबरोबर येणाऱ्या मागणीपत्रावर ‘कावीळ, कारण शोधा’ एवढेच लिहिलेले असेल, तर जगातला श्रेष्ठ तज्ज्ञही ‘यकृतदाह, कारण अनिश्चित’ याहून पुढे जाऊ शकत नाही. त्याच्या हाती कोणते औषध, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, काढा होता काय, दारू किती, विषाणूंच्या तपासण्यांचे काय, एवढे आले तर त्याच काचपट्टीचा अर्थ पालटतो. या अर्ध्या पानासाठी सरकारने नवे यंत्र घेण्याची गरज नाही. दोन्ही महाविद्यालयांनी औषधांचा रकाना कोरा असलेले मागणीपत्र परत पाठवायचे ठरवले, तर सहा महिन्यांत जिल्ह्यातील दवाखान्यांना सवय लागेल. पहिले काही दिवस कुरबूर होईल, ती होऊ द्यावी.

अर्थात रकाना भरायचा तर रुग्णाला सांगता आले पाहिजे, आणि येथे बाजाराची रीत आड येते. औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी कातरून चार गोळ्या दिल्या जातात. नाव असलेला तुकडा दुकानातच राहतो. काही दवाखान्यांत कागदाच्या पुडीत रंगीत गोळ्या मिळतात, त्यांना नावच नसते. सांधेदुखीवरची ‘खात्रीची’ भुकटी एस.टी. स्थानकाबाहेर मिळते. शिकलेल्या घरांत परिस्थिती बरी असते असे समजण्याचे कारण नाही; निवृत्त शिक्षकाच्या टेबलावर मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, गुडघ्यांच्या गोळ्यांशेजारी भाच्याने आणून दिलेली गुळवेलीची बाटली असते, आणि डॉक्टरांनी विचारले की ती बाटली ‘औषध’ या शब्दात मोजली जात नाही. प्रत्येक औषधाचे नाव आणि सुरू केल्याची तारीख वहीच्या एका पानावर लिहून ठेवणे हे कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला अवघड काम नव्हे. आईवडिलांसाठी त्यांनी ते करावे.

नोंदीचे दुसरे टोक शासनाकडे आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि २०११पासून त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. डॉक्टरच नव्हे, परिचारिका, औषधविक्रेता आणि स्वतः रुग्णही तेथे तक्रार नोंदवू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे. हा क्रमांक किती औषध दुकानांच्या भिंतीवर दिसतो, हे वाचकांनी जाता-येता पाहावे. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचे नामवंत महाविद्यालय आहे, जळगाव-धुळ्यातही अशा संस्था आहेत. त्यांचे विद्यार्थी दरवर्षी कुठला ना कुठला प्रकल्प लिहितात. एका वर्षी त्यांनी शिरपूर, चोपडा आणि यावल या तालुक्यांतील क्षयाच्या रुग्णांकडे पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला जाऊन भूक, उलट्या आणि डोळ्यांचा रंग एवढ्याच तीन गोष्टी लिहून आणल्या, आणि संशय आलेल्यांचे रक्त त्याच आठवड्यात तपासले गेले, तर सातपुड्याच्या पायथ्याशी औषधाची कावीळ किती आणि पाण्याची किती, याचा पहिला हिशेब हाती येईल.